बसून कापायचं यंत्र

गुडघे माझे. नऊ वर्षं लिंबांच्या झाडांखाली उकिडवं बसून गवत कापलं, तेही मी. डॉक्टरांच्या टेबलावर ज्यांचे पाय वाकवून बघितले, ते पायही माझेच. पण यंत्र कोणतं घ्यायचं हे ठरवायला घरातली पुरुषमाणसं अंगणात बसली, तेव्हा मला काय सांगितलं गेलं? चहा टाक.

आमची जमीन चार एकर. अडीच एकरात कागदी लिंबाची बाग, उरलेला दीड एकर उताराचा, दोन गाईंच्या चरण्यासाठी ठेवलेला. बागेला पाणी सोडलं की झाडाआधी गवत पितं. ते वाढू दिलं तर झाडं पिवळी पडतात, गळालेली लिंबं सापडत नाहीत, आणि पायाजवळ काय सळसळलं ते कळत नाही. म्हणून कापायचं. डाव्या हातात मूठ धरायची, उजव्या हाताने विळा ओढायचा, मूठ मागे टाकायची आणि टाचांवरच पुढे सरकायचं. उठायची सोय नाही, कारण वर काटेरी फांद्या. उठलं की डोक्याचं फडकं काट्याला लटकतं, कधी कपाळाची कातडीही. अशा बावीस ओळी. बाविसावी संपेपर्यंत पहिलीतलं गवत पुन्हा पोटरीला लागतं. नऊ वर्षांत अख्खी बाग एका वेळी कापलेली मी कधी पाहिली नाही.

मजूर येत नाहीत असं नाही. येतात, एक दिवस काटे खातात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी कोणीतरी आजारी पडतं.

यंदा उजवा गुडघा असा सुजला की पाय दुमडेना. डॉक्टरांनी काळा फोटो उजेडात धरला, दोन-तीनदा मान हलवली आणि माझ्याशी न बोलता आमच्या ह्यांना म्हणाले, "यांना उकिडवं बसू देऊ नका. अजिबात नाही. असंच चाललं तर दोन वर्षांत चालायचे वांधे होतील."

जसं काही हेच मला रोज खांदे दाबून बसवत होते!

पण ह्यांना लागलं ते. माणूस वाईट नाही. फक्त कुठल्याही गोष्टीला "बघू" म्हणायची सवय आहे आणि ते बघणं कधी संपत नाही. त्या दिवशी मात्र दवाखान्यातून येताना यंत्रांच्या दुकानात शिरले आणि एक रंगीत कागद घेऊन आले. एस.टी.त माझ्या मांडीवर तो पसरून म्हणाले, "हे बघ. यावर बसायचं आणि कापायचं. मोटारीसारखं चाक फिरवायचं. बुटकं आहे, फांद्यांखालून जातं. मागे ही पिशवी आहे ना, तिच्यात गवत जमा होतं. गाईंना घालायला आयतंच."

"खरंच घ्यायचं?"

"रस्त्यात जमिनीची पट्टी गेली तिचे पैसे आलेत ना? घेऊ की."

तो कागद मी पिठाच्या डब्याखाली ठेवला. पीठ काढायला गेले की बघायचे. लाल रंगाचं यंत्र, चार चाकं, वर काळी सीट. मागच्या बाजूला सगळ्या भागांना आकडे घालून नावं दिली होती, ती मला पाठ झाली. एक म्हणजे चाक, चार म्हणजे पातं वर-खाली करायचा दांडा, सात म्हणजे सीट पुढेमागे करायची पट्टी. अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'गेली तीस वर्षं तुमच्या बागेत'. ते मी तेव्हा नुसतं वाचलं.

रविवारी भाऊजींच्या हाती तो कागद लागला आणि सगळं फिसकटलं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. शहरातल्या गोदामात पोती मोजायचं काम करतात. सकाळी जातात, दिवे लागायला येतात. बागेत पाऊल पडतं ते पाहुण्यांना दाखवायला. पण यंत्र म्हटलं की त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं.

"हे?" त्यांनी कागद दोन बोटांत धरला. "दादा, हे खेळणं आहे. बंगलेवाल्यांच्या दारात हिरवळ असते ना, तिच्यावर फिरवतात. आपण शेतकरी माणसं, आपण यावर बसलो तर लोक हसतील."

"गवतच तर कापायचंय," हे म्हणाले.

"आज गवत. उद्या खत ओढायचं म्हटलं तर? नांगरायचं म्हटलं तर? थोडे आणखी घातले की छोटा ट्रॅक्टर येतो. मागे कटर जोडला की गवत कापतो. कटर काढला की नांगर लाव, ट्रॉली लाव, काय वाटेल ते लाव."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. "नांगरणार काय भाऊजी? बाग की उतार?"

"वहिनी, जरा लांबचा विचार करायचा असतो."

"करा ना. पण ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाचं डोकं कुठवर येतं त्याचाही करा. आपल्या फांद्या माझ्या खांद्याला लागतात. आणि नांगरायला वर्षातून एकदा भाड्याने ट्रॅक्टर मिळतो. दर आठ दिवसांनी गवत कापायला भाड्याने कोणी मिळत नाही, म्हणून तर मी आहे."

"वहिनी वकील झाल्या!" भाऊजी हसले.

"चालवणार कोण तो?"

"मी आहे की."

"तुम्ही सहा दिवस गोदामात."

"रविवार आहे ना."

"म्हणजे गवताला सांगायचं, बाबा रे, रविवारीच वाढ?"

माझी जाऊ, धाकटी, भांडी पुसत होती. तिला फस्सकन हसू आलं. भाऊजींनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुसलेलंच भांडं पुन्हा पुसायला लागली.

"बघू, बघू," हे म्हणाले.

तेवढ्यात अंगणातल्या बाजेवरून मामंजींचा आवाज आला, "आधी फाटक मोजा. यंत्र आत शिरलं तर पुढचं बोलणं. माझी काठी घ्या."

आता ही काठी काय चीज आहे ते सांगायला हवं. आमच्या घरात टेपने काही मोजत नाहीत. मामंजींनी तरुणपणी स्वतःच्या हाताने एक काठी तासली, नेमकी पाच फुटांची, आणि पुढे तिनेच ही सगळी बाग आखली. दोन ओळींत तीन काठ्या. विहीर इतक्या काठ्या, गोठा इतक्या काठ्या, माझं स्वयंपाकघर दोन काठ्या बाय अडीच. घरातल्या मुलाबाळांना पाढ्यांआधी हे शिकवतात की काठी म्हणजे पाच फूट. अवजारांच्या पेटीत टेप आहे, गंजलेला नाही, चांगला आहे. पण मामंजींच्या देखत टेप काढणं म्हणजे तुमचं माप खोटं म्हणण्यासारखं, आणि ते आजवर कोणी केलेलं नाही.

आणि काठी पाच फुटांची राहिलेली नव्हती, हे घरात दोघांनाच ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी मामंजी कमरेत वाकले. काठी तेवढीच उंच राहिली. टेकून चालायचं तर कोपर कानापर्यंत जायचं आणि खांदा भरून यायचा. एका दुपारी घरात कोणी नसताना त्यांनी मला हाक मारली. "खालून वीतभर काप," म्हणाले. "आणि हे कुणाला सांगायचं नाही." मी करवतीने तुकडा कापला, खालची लोखंडी टोपी काढून नव्या टोकाला ठोकून बसवली. कापल्याची खूण दिसेना. त्यांनी दोन पावलं चालून पाहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठीक आहे." वाकल्याची लाज वाटत होती त्यांना. मलाही ते कळलं, म्हणून मी कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. तो वीतभर तुकडा गोठ्याच्या खिडकीची झडप उघडी ठेवायला लावला.

भाऊजींनी फाटकाच्या दोन दगडी खांबांमध्ये काठी आडवी धरली. उरलेली जागा हाताने मोजली. "एक काठी आणि दीड वीत! म्हणजे पाच फूट आणि वर फूटभराहून जास्त. दादा, सहाच्या वर आहे. आरामात जातो ट्रॅक्टर."

"ती काठी पाच फूट नाही," मी म्हणाले. "टेप काढा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काठी काय रोडावली का वहिनी?" भाऊजी म्हणाले.

मी मामंजींकडे पाहिलं. त्यांनी सांगावं, एवढंच. गुपित त्यांचं होतं, मोडायचं तर त्यांनी. मला वाटलं, सांगतील. माझे गुडघे त्यांनी पाहिले होते. रोज संध्याकाळी मी त्यांच्यासमोरूनच भिंत धरत घरात येत होते.

"माझी काठी मला माहीत नाही?" मामंजी म्हणाले. "पाच फूट. पहिल्यापासून पाच फूट आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्या माणसाने माझ्या तोंडावर खोटं बोलावं, ते मी त्यांचीच लाज झाकली म्हणून! गोठा वीस पावलांवर होता. जाऊन तो तुकडा आणून आपटता आला असता. पण मुलांसमोर बापाला उघडं पाडायला जीभ रेटेना, आणि दुकानात टेपने मोजतीलच असंही वाटलं.

"तू चहा टाक बघू," हे म्हणाले. भांडण नको म्हणून म्हणाले, पण म्हणालेच.

मी चहा टाकला. त्या चहाची मला आजही चीड येते.

दुकानात मलाही नेलं, कारण धाकटी म्हणाली, "ताईंसाठी घ्यायचंय ना? मग ताईंना न्या." भाऊजींना नाही म्हणता आलं नाही. दुकान काचेचं, आत गार, फरशी अशी की पायांतल्या चपला ओशाळल्या. तिथला टायवाला सरळ भाऊजींकडे गेला आणि शेवटपर्यंत त्यांच्याशीच बोलला.

कोपऱ्यात ते लाल यंत्र होतं. कागदावर होतं त्याहून लहान. मी विचारलं, "गवत ओलं असलं तर अडकतं का हो?"

टायवाला ह्यांच्याकडे वळला. "सर, थोडं वाळू द्यायचं."

"आणि उतारावर?"

"सर, फार चढ नको. सपाटीला उत्तम." मग भाऊजींना डोळा मारत म्हणाला, "पण चार एकरवाल्याने ट्रॅक्टरच बघावा. हे आपलं वहिनींना फिरायला बरं."

म्हणजे मला हवं होतं तेच तो सांगत होता. बाग सपाट. दर आठ दिवसांनी कापलं तर गवत कधी वाढणारच नाही. उतारावर गाई आहेत, त्यांना पातं लागत नाही. हे सगळं मी बोलले असते, पण बोलायचं कुणाशी? तिघं ट्रॅक्टरकडे गेले होते. भाऊजी वर चढून बसले, छाती पुढे काढली, ह्यांच्याकडून दोन फोटो काढून घेतले.

मी इकडेतिकडे पाहिलं आणि लाल यंत्रावर बसले. पाय लांब केले. गुडघा सरळ झाला. कोणत्याही कामाच्या जागी मी अशी पाय पसरून बसले नव्हते. पाठीला टेकू, हाताला चाक. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले माझे.

"ओ वहिनी, उतरा, उतरा," टायवाला लांबूनच ओरडला. "ते दाखवायचं आहे. सीट मळते."

मी सकाळी अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून गेले होते. ट्रॅक्टरची सीट भाऊजींच्या बुडाने मळत नव्हती. मी उतरले. ह्यांनी ऐकलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि ट्रॅक्टरच्या चाकावरचा आकडा वाचायला लागले.

मापाचं विचारलं तेव्हा भाऊजींनी ऐटीत सांगितलं, "फाटक सहा फुटांच्या वर आहे." टायवाला म्हणाला, "मग काय प्रश्नच नाही, कटरसकट पावणेसहा भरतो." टेपचं नाव कोणी काढलं नाही, आणि सीटवरून हाकललेल्या माझं कोण ऐकणार होतं?

ट्रॅक्टर ठरला. तो यायला बारा दिवस होते. गवताला ते कोणी कळवलं नव्हतं. मी फळीच्या तुकड्याला चार खुंट्या ठोकून वीतभर उंचीचा ठोकळा केला. त्यावर बसायचं, पुढचं हातभर कापायचं, बुडाखालचा ठोकळा पुढे ढकलायचा, पुन्हा बसायचं. उकिडवं बसत नव्हते, म्हणजे डॉक्टरांचं ऐकत होते. पण ठोकळ्यावरून उठताना एकेकदा झाडाच्या बुंध्याला मिठी मारावी लागायची आणि लिंबाचं झाड मिठी मारण्यासारखं नसतं. धाकटी तिचं काम आवरून दुपारी यायची, शेजारची ओळ धरायची. तिसऱ्या दिवशी ती टाचांवर सरकताना थांबली आणि आपला गुडघा दाबून पाहायला लागली.

"दुखतोय?" मी विचारलं.

"नाही हो ताई. नुसता वाजला."

माझाही आधी नुसता वाजायचाच. मी तिला घरी पिटाळलं. त्या दिवसापासून ते लाल यंत्र मला माझ्या एकटीसाठी नको होतं, तिच्यासाठीही हवं होतं.

ट्रॅक्टर शनिवारी आला. भाऊजींनी गोदामातून रजा काढली होती. लांब ट्रक रस्त्यावर थांबला, ट्रकवाल्याने फळ्या लावल्या आणि निळा ट्रॅक्टर मागे कटर लोंबकळवत खाली उतरला. शेजारपाजारचे जमले. मामंजींची बाज फाटकाजवळ आणून ठेवली होती. ट्रकवाला पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने खांबांकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "मोजलंय ना?"

"सहाच्या वर," भाऊजी म्हणाले आणि स्वतः चढले.

पुढचा भाग गेला. मोठी चाकं खांबांना चाटून गेली. मग कटर आला आणि खर्रकन आवाज झाला. डाव्या खांबाचा दगड उडाला, कटरचा रंग वीतभर खरवडला. भाऊजींनी मागे घेतला, तिरका केला, पुन्हा घातला. उजवीकडे खर्र. गाई गोठ्यात दावी ताणायला लागल्या. शेजाऱ्यांतलं कोणीतरी म्हणालं, "साबण लावा." भाऊजींचे कान लाल झाले.

ट्रकवाल्याने खिशातून टेप काढला. मामंजींनी मान वळवली. "साडेपाचलाही कमी," ट्रकवाला म्हणाला. "अर्धी वीत मार खाल्लाय तुम्ही."

"खांब पाडू," भाऊजी म्हणाले. "दादा, पहार आण."

"थांबा," ट्रकवाला म्हणाला. तो बागेत दोन ओळी फिरून आला. मानेवर काट्याचा ओरखडा घेऊन आला. "खांब पाडाल हो. पण ओळीच्या टोकाला हा वळणार कुठे? बांध लगेच आहे. प्रत्येक ओळीतलं शेवटचं झाड काढावं लागेल. आणि खालच्या फांद्या सगळ्या."

"किती झाडं?" ह्यांनी विचारलं.

"बावीस ओळी, बावीस झाडं."

"बावीसच ना?" भाऊजी म्हणाले. "काढू की. अडीच एकरात बावीस झाडांचं काय एवढं?"

बावीसच! बांधाकडच्या त्या झाडांना पाणी पोचत नाही. पहिली तीन वर्षं मी त्यांना हंड्याने पाणी घातलं होतं, डोक्यावरून, विहिरीपासून. बावीस झाडांना बावीस खेपा. त्यातलं कोणतं झाड कोणत्या वर्षी मरायला टेकलं होतं ते मला विचारा. माझे गुडघे वाचवायला जे यंत्र आणायचं होतं, त्याच्यापायी आता माझीच झाडं तोडायला निघाले होते, आणि हे म्हणत होते, "बघू."

ट्रकवाल्याने पावती पुढे केली. "सही झाली की मी मोकळा. एकदा सही झाली की परत नेता येत नाही, हे आधीच सांगतो. आत गेल्यावरच करा म्हणतो मी." भाऊजींनी पेन उघडलं होतं.

"सही करायची नाही," मी म्हणाले. आवाज एवढा चढला की माझा मलाच नवा वाटला. "हात लावाल त्या कागदाला तर बघा!"

मी गोठ्यात गेले. झडपेखालचा तुकडा ओढून काढला. झडप धाडकन पडली. तुकड्यावर शेण उडालेलं होतं, ते मी पुसलंही नाही. परत येऊन मामंजींच्या हाताजवळची काठी उचलली, टोपी दगडावर ठोकून काढली आणि सगळ्यांसमोर जमिनीवर काठी ठेवून तिच्या टोकाला तुकडा लावला. लाकूड तेच, गाठीची रेषही तीच. करवतीचा काप कापाला चपखल बसला.

"मोजा आता," मी ट्रकवाल्याला म्हणाले.

त्याने टेप लावला. "तुकड्यासकट पाच फूट. तुकड्याशिवाय सव्वाचार."

"हे काय आहे?" भाऊजी म्हणाले.

"मला काय विचारता? मी सांगितलं होतं, तेव्हा काठी रोडावली का म्हणून हसलात." मी मामंजींसमोर जाऊन उभी राहिले. "मामंजी, आता तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. मी शब्द दिलाय."

मामंजी त्या तुकड्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आताही म्हणतील, पाच फूट. म्हणाले असते तर मी त्या घरात थांबले नसते.

"मीच कापायला लावली," ते म्हणाले. "कमरेतून वाकलो. काठी उंच पडायला लागली." मग माझ्याकडे बोट करून, "त्या दिवशी ही खरं बोलत होती. मी खोटं बोललो."

मला त्यांची दया आली. राग मात्र गेला नाही. दोन्ही एका वेळी असू शकतं.

भाऊजींनी पेन बंद केलं. "बाबा, निदान सांगायचं तरी!"

"तिने सांगितलं होतं," हे म्हणाले. मी चमकून पाहिलं. ह्यांनी भाऊजींच्या हातातली पावती घेतली, ट्रकवाल्याला परत दिली. "घेऊन जा ट्रॅक्टर. खरवडलेल्या रंगाचं आम्ही भरू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग. काय आणायचं?"

"अजून सांगायचं राहिलंय का?" मी म्हणाले. "कागद पिठाच्या डब्याखाली आहे. तुम्हीच तर आणलात."

पुढच्या रविवारी तोच ट्रकवाला लाल यंत्र घेऊन आला. उतरवण्याआधी त्याने न सांगता टेप काढला, फाटक मोजलं, यंत्र मोजलं आणि मला दाखवलं. दोन्ही बाजूंनी हात-हात जागा.

आणि उतरल्या उतरल्या त्यावर कोण चढलं असेल? भाऊजी.

"चालवून बघतो," म्हणाले. "नवीन आहे, काही बिघाड असला तर कळायला हवा." सीट मागे सारली, लांब पाय पसरले आणि निघाले. तीन आठवड्यांपूर्वीचं खेळणं! एक ओळ झाली, दुसरी झाली. "दादा, फोटो काढ!" झाला. बुंध्याजवळचं गवत पात्याला लागत नाही, ते काढायला मी आणि धाकटी विळे घेऊन मागून चाललो होतो. उन्हात, वाकून, यंत्राचा धूर खात. तिसऱ्या ओळीत मला एकदम दिसलं की हे असंच चालणार. ते वर, आम्ही खाली.

मी विळा झाडाच्या फांदीला अडकवला आणि ओळीच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

यंत्र माझ्या पायांपासून दोन हातांवर थांबलं. "वहिनी! लागलं असतं ना!"

"उतरा."

"ही एवढी ओळ होऊ दे."

"उतरा, भाऊजी."

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे तोंड उघडून उभे होते. पण या वेळी बघू म्हणाले नाहीत. भाऊजी उतरले.

मी बसले. माझे पाय पायपट्टीला पोचेनात. "बघा," भाऊजी म्हणाले, "पाय तरी पोचतात का?"

मी खाली वाकले. सात नंबर. सीटखालची पट्टी वर ओढली आणि सीट पुढे घेतली. पाय पोचले. चार नंबरचा दांडा खाली केला आणि निघाले.

फांद्या आल्या की डोकं खाली घालायचं, एवढंच. ओळीच्या टोकाला चाक वळवलं की यंत्र शेवटच्या झाडाला वळसा घालून आपसूक पुढच्या ओळीत यायचं. बावीस झाडं जिथल्या तिथे उभी होती. अकराव्या ओळीला मी थांबून धाकटीला बसवलं. ती आधी घाबरली, मग तिला हसू आवरेना. सोळाव्या ओळीपासून पुन्हा मी.

बाविसावी ओळ संपली तेव्हा ऊन अजून झाडांवर होतं. मी टोकाला यंत्र उभं केलं आणि वळून पाहिलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळी बाग कापलेली. प्रत्येक बुंधा दिसत होता, गळालेलं प्रत्येक पिवळं लिंबू दिसत होतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा, आणि लागली एक दुपार.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, क्षणभर. मग कागदाच्या तळाची ती बारीक अक्षरं आठवली.

हे ओळीतून चालत आले. बाटलीभर पाणी आणलं होतं. "झाली सगळी? दमलीस?"

"नाही," मी म्हणाले.

"मग अशी का बघतेस?"

"हे यंत्र तीस वर्षांपूर्वीच निघालंय," मी म्हणाले. "तुम्ही कधी विचारलंत का दुकानात?"

ते पाण्याची बाटली तशीच धरून उभे राहिले. मी ती घेतली नाही. उतरले, बाविसाव्या ओळीच्या बुंध्याशी पडलेला माझा ठोकळा उचलून त्यांच्या हातात दिला, आणि म्हणाले, "यावर बसून बघा जरा. एकच ओळ."